पाठसून येणारं पाणी

आमच्या घराच्या पुढच्या दारातून समुद्र दिसायचा आणि मागच्या दारातून खाडी. तुझं घर कुठे आहे, असं शाळेत कुणी इंग्रजीत विचारलं की मी गप्प व्हायचे, कारण उत्तर एका बारक्या शब्दावर अडायचं. ऑन द सी, बाय द सी, निअर द सी, ॲट द सी. मराठीत समुद्रावर म्हटलं काय नि समुद्राकाठी म्हटलं काय, ऐकणाऱ्याला घर दिसायचं. इंग्रजीत तेवढा एक शब्द चुकला तर घर बुडेल, असं मला तेव्हा खरोखर वाटे.

आचऱ्याच्या बाजूला खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे वाळूचा एक लांब दांडा पाण्यात शिरलेला होता. जाता जाता तो निमुळता होई, म्हणून वाडीत त्याला शेपूट म्हणत. सुकतीच्या वेळी, म्हणजे पाणी ओसरलं की, शेपटीवर पार टोकापर्यंत चालत जाता यायचं. समोर समुद्र, पायाखाली ओलसर वाळू, तिच्यावर खेकड्यांनी काढलेली गोळ्यांची रांगोळी. तिथे बसलं की डोळे आपोआप मिटत. वाडीतल्या कुठल्याही पोराला चालायला लागल्याबरोबर सांगितलं जाई की शेपटीवर बसायचं तर तोंड घराकडे करून बसायचं, समुद्राकडे नाही. भरतीचं पाणी शेपटीवर समोरून चढत नसे. आधी ते गुपचूप खाडीत शिरे, मागची खोलगट वाट भरून काढी, आणि समुद्राकडे बघत बसलेल्या माणसाला समुद्र होता तिथेच दिसत राही. एकदा एक म्हैस तशीच अडकली होती. ती शेवटपर्यंत शांतपणे रवंथ करत उभी होती, असं सांगत. मग ती दिसली नाही.

घरात आई, आते आणि मी. बाबा मुंबईला नोकरीत. गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, येताना बॅगेत माझ्यासाठी इंग्रजी गोष्टींची जुनी पुस्तकं आणायचे. मला मालवणच्या इंग्रजी शाळेत घालायचं त्यांनी माझ्या जन्माआधीच ठरवलं होतं म्हणे. आते म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सुमन. लग्न झालं नव्हतं. का झालं नव्हतं ते घरात कुणी बोलत नसे आणि आतेला त्याचं काही वाटतंय असंही दिसत नसे. ती मोठ्याने बोलायची. मोठ्याने म्हणजे खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उभी राहून बोलली की खाडीपलीकडच्या वाडीतून उत्तर यायचं. पहाटे आई चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवायची, तिचा रटरट आवाज, माडाच्या झावळ्यांची सळसळ, दूर किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांचं एका सुरातलं ओरडणं, आणि या सगळ्यावरून आतेचा आवाज: "बाये, उठतंस काय गो? एश्टी काय तुझ्या बापाशीची आसा?"

मी तिच्या अगदी उलट. मला आवाज होता की नाही याची मलाच शंका होती. शाळेत मी लिहायचे. आमच्या इंग्रजीच्या टीचर दर शुक्रवारी फळ्यावर दहा चुकीची वाक्यं लिहायच्या आणि आम्ही ती वहीत दुरुस्त करायची. मला त्या दहा वाक्यांची ओढ लागलेली असे, जशी इतर मुलींना बोरांची. शी इज मॅरीड विथ अ डॉक्टर. तिथे विथ नाही, टू. वी डिस्कस्ड अबाउट द मॅटर. अबाउट नकोच, खोडून टाका. आय ॲम हिअर सिन्स टू डेज. यात तर दोन चुका, एकाला एक लागून. टीचर म्हणायच्या, ऑन द बस म्हणायचं, इन द बस नाही. मी घरी येताना खिडकीशी बसून ऑन द बस, ऑन द बस असं मनात म्हणायचे आणि मला आपण एस.टी.च्या टपावर आंब्याच्या पेट्यांशेजारी वाऱ्यात बसलोय असं वाटायचं.

त्या बारक्या शब्दांवर माझा जीव जडला होता. आपल्या भाषेत ते नामाच्या मागे असतात, पाठीला चिकटून. घरात, घरावर, घराकडे, घरापासून. कुणी त्यांच्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. इंग्रजीत ते पुढे चालतात, सुटे, कंदील धरल्यासारखे. हे तेव्हा मला असं मांडता आलं नसतं. एवढंच कळत होतं की तोंडाने मी एक वाक्य धड बोलू शकत नाही, पण वहीत दहापैकी दहा मिळतात. वर्षाच्या शेवटी टीचरनी बक्षीस म्हणून मला स्वतःचं लाल पेन दिलं. त्या रात्री मी ते उशाखाली ठेवून झोपले.

(आता मी पुण्यात याच कामावर जगते. लोकांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर माझ्याकडे येतो, मी त्यातले इन, ऑन, ॲट जागच्या जागी बसवते आणि परत पाठवते. कुणाशी बोलावं लागत नाही.)

पाहुणे ठेवायची कल्पना बाबांची. मालवणकडे किल्ला बघायला येणारी माणसं वाढत होती, आणि आमच्या पडवीच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. भिंतींना चुना दिला, दोन लोखंडी खाटा आल्या, मागे न्हाणीघराला दार बसवलं. आई रांधणार, आते बोलणार, असं ठरवावं लागलंच नाही, तसं आपोआप झालं. मुंबई-पुण्याचे पाहुणे असत, त्यांच्याशी आते मराठी बोले. पण गोव्याकडून वर सरकत कधी बंगलोरचे, कधी परदेशी लोक येत, आणि तेव्हा आते इंग्रजी बोले. ते इंग्रजी तिने कुठून आणलं होतं कोण जाणे. माझ्या पहिली-दुसरीच्या जुन्या पुस्तकांतून, रेडिओवरून, आणि बरंचसं स्वतःच्या डोक्यातून. आधी ती मालवणीत विचार करी आणि मग एकेक शब्द उलटा करून ताटात वाढी.

"ईट, ईट," ती बांगडा वाढताना म्हणायची. "फिश इज फ्रॉम टुडे. यू आर फ्रॉम यस्टरडे."

पाहुणे काल आलेले आणि मासे आजचे, एवढंच तिला म्हणायचं असे. पाहुणे हसत, आते हसे, आणि मी आतल्या खोलीच्या दाराआड उभी राहून लाजेने भाजून निघे. फ्रॉम नाही, आते. फ्रॉम नाही.

मग तिने ती सूचना लिहिली. फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरांत, आणि तांदूळ शिजवून केलेल्या खळीने पडवीच्या भिंतीला चिकटवली. पाहुण्यांसाठीचे नियम होते ते. मला ते अजून पाठ आहेत. टेल हॉट वॉटर फ्रॉम नाइट, म्हणजे गरम पाणी हवं तर रातसून, आदल्या रात्रीच, सांगा. डोन्ट सिट अंडर ऑफ कोकोनट ट्री, कोकोनट विल नॉट आस्क. डोन्ट गो ऑन टेल विदाउट आस्किंग मी, यातलं टेल म्हणजे ते वाळूचं शेपूट. आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: व्हेन यू आर गोइंग, डोन्ट से गोइंग. से आय ॲम कमिंग.

आमच्याकडे घरातून निघताना जातंय असं म्हणत नाहीत. येतंय म्हणतात. जातंय म्हणणाऱ्याला उंबऱ्यावरून मागे बोलावून पुन्हा म्हणायला लावतात. पाहुण्यांनीही ते पाळावं असं आतेला वाटे, आणि गंमत म्हणजे ते पाळत. पाठीवर बोचकी घेतलेले, उन्हाने लाल झालेले लोक खळ्यात उभे राहून आय ॲम कमिंग म्हणायचे आणि निघून जायचे.

परीक्षा संपली होती. दुपारी घर निजलेलं असताना मी लाल पेन घेऊन पडवीत गेले. मी हे का केलं याची बरीच उत्तरं मी आजवर स्वतःला दिली आहेत. मदत म्हणून, हे त्यातलं एक. खरं ते असं की माझ्याकडे पेन होतं आणि भिंतीवर चुका होत्या. मी शाळेतल्यासारखं केलं. चुकीच्या शब्दाभोवती गोल, वर बरोबर शब्द, समासात आकडा. अकरा चुका निघाल्या. शेवटची ओळ मी आख्खी खोडली आणि तिच्यावर लिहिलं, से गुडबाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याचे एक पाहुणे दात घासून पडवीत आले. चांगला हसतमुख माणूस होता. आते घावणे आणि नारळाचा रस घेऊन येत होती, मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे.

"अरे वा," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "घरात मास्तरीणबाई आहेत वाटतं! अकरा चुका? म्हणजे नापासच की हो!"

आते भिंतीजवळ गेली. घावण्यांचं ताट हातातच होतं. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग हसली आणि म्हणाली, "व्हय. नापासच."

तिने ताट खाली ठेवलं, कागद एका कोपऱ्यातून धरून हलकेच सोडवला, चार घड्या घातल्या आणि कमरेला खोचला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मी चुलीपुढे बसले असताना आई कोकमाची सोलं भिजत घालत होती. ती सहसा बोलत नसे, आणि बोललीच तर हातातल्या कामाशी बोलल्यासारखी बोले. "दहावीत तिचा इंग्रजीच गेला," ती सोलांना म्हणाली. "तीन वेळा बसला ता चेडू. तिनय वेळा इंग्रजीखाली लाल रेघ. तो निकालाचो कागद ट्रंकेत आसा अजून. तुका म्हायत नाय, तुझो काय दोष?" भांड्यावर झाकण ठेवत ती पुन्हा म्हणाली, "पण जावन बोल तिच्याशी."

मी गेले नाही. वाक्य तयार होईना. मालवणीतसुद्धा होईना.

त्या दिवसापासून आतेने इंग्रजी सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. मला ती पूर्वीसारखीच हाक मारून उठवायची, केस विंचरून द्यायची, सुरमईच्या डोक्याकडचा तुकडा माझ्याच पानात टाकायची. फक्त इंग्रजी बोलणारा पाहुणा आला की ती स्वयंपाकघरात जायची. येस आणि नो एवढंच. पाहुण्याने काही विचारलं तर मला बोटाने दाखवायची, हिला विचारा. आणि मी उभी राहायचे. माझ्या डोक्यात वाक्य बरोबर असायचं, पण ते बरोबर आहे ना हे मी तपासत असेपर्यंत पाहुणा मान हलवून निघून गेलेला असायचा. पाहुणे जेवून उठत, थँक्यू म्हणत, जाताना गुडबाय म्हणत. आतेच्या डोळ्यांत ते गुडबाय कुठे लागतं ते मला दारामागून दिसायचं. घर आधी होतं तेवढंच होतं, तीच गाज, तीच पेज, तेच माड, पण सतत वाजणारं काहीतरी थांबलं की कानाला जशी एक पोकळी जाणवते, तशी पोकळी पडवीभर पसरून राहिली. मला वाटायचं, आतेचा आवाज मी खोडलाय, आणि वर काय लिहायचं ते मला येत नाही.

पाऊस येऊन गेला, भातं कापून झाली, हवा गार झाली, आणि हॉलंडचं एक म्हातारं जोडपं आमच्याकडे आलं. बाईंचं नाव मार्ता आणि नवऱ्याचं यान. वाडीला तेवढंच निमित्त पुरलं. "काय गो सुमन, तुमच्याकडे यान उतरला म्हणे? परत वर कधी जातला?" असं लोक बांधावरून विचारत. यान उंच आणि कानाने जरा मंद होते. मार्ताबाई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे मी त्यांना फार घाबरून होते. चार दिवस मी त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही. चौथ्या दिवशी त्या पडवीत शेजारच्या पाहुण्यांना सांगत होत्या, "वी आर हिअर सिन्स ट्यूजडे. इट इज सो ब्यूटिफुल ऑन द टेल, नो?"

मी दाराआड होते. वी आर हिअर सिन्स. टीचरचं शुक्रवारचं वाक्य, जवळजवळ तसंच, एका गोऱ्या बाईच्या तोंडून. माझा हात आपोआप पेन शोधायला लागला. मग लक्षात आलं की बाईंना काही झालेलं नाही. त्या सोलकढीचा घोट घेऊन पुढे बोलतायत, ऐकणारे मान डोलावतायत, आणि मंगळवारपासून त्या इथे आहेत हे सगळ्यांना कळलेलं आहे. इंग्रजी त्यांचीही घरची भाषा नव्हती. हे मला त्याआधी सुचलंच नव्हतं, की गोरी माणसंही दुसऱ्याच कुठल्या भाषेत विचार करून एकेक शब्द ताटात वाढत असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोघं पुस्तकं आणि चटई घेऊन शेपटीवर गेली. नियमांचा कागद भिंतीवर नव्हता. कुणी कुणाला विचारलं नाही. जेवणं झाली होती, आई मागे मसाला कुटत होती, आते माडाच्या सावलीत झावळीचा झाप विणत बसली होती. दुपारच्या त्या वेळी आमच्याकडे सगळं थोडं विरघळल्यासारखं होतं. खाडी इतकी निवांत असते की पाणी हलतंय हे तिच्यावरून जाणारं वाळलेलं पान बघितल्याशिवाय कळत नाही. आईने मागच्या दारातून ते पान बघितलं असावं. समुद्राकडून आत जात होतं.

"बाये, भरती लागली," ती म्हणाली. "तेंका हाक मार जा. बेगीन."

मी धावत गेले. खाडीच्या काठाशी पोचले तेव्हा मागची खोलगट वाट भरायला लागली होती, अजून घोट्याएवढीच, पण वेगाने. पलीकडे, साठ-सत्तर पावलांवर, दोघं माझ्याकडे पाठ करून बसलेली. मार्ताबाईंची पांढरी टोपी, यानसाहेबांची वाकलेली मान. समोर त्यांचा समुद्र शांत, निळा, जागच्या जागी.

मी तोंड उघडलं आणि वाक्य शोधायला लागले.

द टाइड इज कमिंग. कमिंग इन की कमिंग अप? इन बरोबर वाटत होतं. पण पाणी तर त्यांच्या मागे होतं. बिहाइंड यू. द वॉटर इज बिहाइंड यू. पण नुसतं आहे असं नाही, येतंय, मग इज कमिंग फ्रॉम बिहाइंड यू, असे दोन एकापुढे एक चालतात का? चालतात, बहुतेक चालतात. की आधी गेट अप म्हणावं? गेट आउट ऑफ, गेट ऑफ. वाळू आहे, म्हणजे ऑफ. पाण्याचा काठ माझ्या पावलांना लागला, गार. ते पाणी बघताना मला भीती वाटत नव्हती, हे मी आज कबूल करते. एखाद्या स्वप्नात असावं तसं सगळं दूर, स्वच्छ आणि बिनआवाजाचं होतं. पाणी पिंडरीपर्यंत आलं आणि माझ्या डोक्यातलं वाक्य जवळजवळ बिनचूक झालं होतं.

माझ्या पाठीमागून आवाज आला. आख्खी खाडी हादरली असेल.

"मार्ता! यान! वॉटर इज कमिंग फ्रॉम युवर बॅकसाइड!"

आते कधी आली ते मला कळलंच नव्हतं. साडी गुडघ्यावर खोचलेली, हातात विणता विणता तसाच आणलेला झाप. "लुक बॅकसाइड! नॉट सी! सी इज लायर! कम, कम, कम!"

पांढरी टोपी वळली. मग मार्ताबाई उठल्या, यानसाहेबांना दंडाला धरून उठवलं. चटई तिथेच राहिली. आते पाण्यात शिरली होती, आणि तिच्या मागोमाग मी. मधोमध पाणी माझ्या कमरेच्या वर आलं, ओढ अशी की पायाखालची वाळू सरकतेय हे कळत होतं. आतेने झापाचं एक टोक मला धरायला दिलं, दुसरं पुढे केलं, मार्ताबाईंनी ते पकडलं, त्यांनी यानसाहेबांना. "होल्ड फ्रॉम हॅन्ड! स्लो! लेग डाउन, लेग डाउन!" असं ओरडत आतेने आम्हां तिघांना रापणीसारखं काठावर ओढलं. मागे वळून पाहिलं तेव्हा शेपटीचं फक्त टोक उरलं होतं आणि त्यावर चटई. थोड्या वेळाने तीही उचलली गेली, आणि उघडं ठेवलेलं एक पुस्तक तिच्यावर बसून खाडीत आत निघून गेलं.

मार्ताबाई वाळूवर बसल्या. मग त्यांनी आतेकडे बघितलं, "फ्रॉम अवर बॅकसाइड," असं पुटपुटल्या, आणि हसायला लागल्या. रडत होत्या की हसत, ते सांगणं कठीण होतं. यानसाहेबांना त्यांनी कानात त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं आणि तेही पोट धरून हसायला लागले.

"हसतत कित्या गो ते?" आतेने मला विचारलं. तिचा चेहरा एकदम सावध झाला. मला तो चेहरा माहीत होता. ताट हातात घेऊन भिंतीसमोर उभा असलेला.

मी सांगितलं. बॅकसाइड म्हणजे पाठीमागे नव्हे, आते. बॅकसाइड म्हणजे, आणि मी हाताने दाखवलं.

आतेने क्षणभर विचार केला. तुमच्या त्या जागेतून पाणी येतंय, असं आपण भर खाडीवर दोन म्हाताऱ्या माणसांना ओरडून सांगितलं, हे तिच्या ध्यानात आलं. आणि मग ती अशी हसली की पलीकडच्या वाडीतून कुणीतरी विचारलं, "काय जाला गो सुमन?" कित्येक महिन्यांनी ते हसणं मी ऐकत होते. माझ्या दातांचा कुडकुड आवाज होत होता आणि मला रडू फुटलं.

"आते, माका बोलूकच येवक नाय," मी म्हटलं. "मी हयसरच उभी होतंय. माका वाक्य गावला नाय."

तिने ओल्या पदराने माझं नाक पुसलं. "तू वाक्य सोधित रवलंस," ती म्हणाली. "पाणी रवता काय तुझ्यासाठी?" मग पदर पिळत म्हणाली, "आणि तां बरोबर काय होता? सांग तरी."

"बिहाइंड यू."

"बिहाइंड यू," तिने म्हणून बघितलं. जिभेवर घोळवलं, मीठ बघावं तसं. "हळू आवाजाचा शब्द आसा. तितक्या लांब पोचाचो नाय."

दोन दिवसांनी ती दोघं गेली. खळ्यात बोचकी पाठीला लावून उभी राहिली. मार्ताबाईंनी आईचे हात धरले, आतेला मिठी मारली, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाल्या, "गुडबाय."

"नो गुडबाय," आते म्हणाली. आणि मग ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. सांगू की नको, असं काहीसं तिच्या नजरेत होतं, आणि मला कळलं की आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं आणि ते मीच.

"इन अवर हाउस," मी म्हटलं. आवाज बारीक निघाला, पण निघाला. "वी डोन्ट से गोइंग. यू मस्ट से, आय ॲम कमिंग."

बरोबर होतं की नाही ते मी तपासलं नाही. पाहुण्यांशी मी आपणहून बोललेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य.

"वी आर कमिंग," मार्ताबाई म्हणाल्या. यानसाहेबांना नीट ऐकू गेलं नव्हतं, त्यांना त्यांनी पुन्हा सांगितलं, मग तेही म्हणाले. ती दोघं परत आली नाहीत. कधीतरी एक कार्ड आलं, बर्फाचं चित्र असलेलं.

त्या आठवड्यात आतेने एका जुन्या होडीची फळी मिळवली, ती घासली, पांढरा रंग दिला आणि होडीवर नाव घालायचा निळा रंग आणून त्यावर इंग्रजीत लिहिलं. अक्षरं वाळायच्या आत तिने मला बोलावलं. "बघ गो. चूक आसा काय?" फळीवर लिहिलं होतं: बिवेअर. वॉटर इज कमिंग फ्रॉम युवर बॅकसाइड. माझं लाल पेन दप्तरात होतं. बिवेअरच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी होतं, ते मी ब्रश घेऊन घातलं.

"आणि दुसरा?" ती म्हणाली. माझ्याकडे रोखून बघत होती. तिला उत्तर ठाऊक होतं.

"दुसरा काय नाय," मी म्हटलं.

ती फळी शेपटीच्या तोंडाशी खुंटाला ठोकलेली आहे. खारं वारं रंग खातं, दोन वर्षांत अक्षरं पुसट होतात. आते आता थकली आहे, तिचा हात कापतो, म्हणून मे महिन्यात गावी गेले की रंगाचा डबा घेऊन मीच जाते. वर्षभर पुण्यात लोकांचे फ्रॉम आणि बिहाइंड ठिकाणावर लावणारी मी वाळूत गुडघे टेकून तीच अक्षरं तशीच्या तशी गिरवते, आणि आते मागे माडाखाली बसून माझ्यावर नजर ठेवते, मी मधेच काही सुधारत तर नाही ना. अधूनमधून पर्यटक येतात, पाटी वाचतात, एकमेकांना दाखवतात, फोटो काढतात. मोठमोठ्याने हसतात. आणि हसता हसता प्रत्येक जण एकदा तरी मागे वळून बघतोच.